शंकेला उत्तर हिशेबाचे हवे

कोरोनाची साथ ओसरून वर्षे लोटली. मुखपट्ट्या उतरल्या, यात्रा-जत्रा पूर्ववत भरू लागल्या. परंतु लसीविषयीचा संशय समाजमनातून अद्याप गेलेला नाही. एखादा तरुण मैदानावर खेळता खेळता कोसळला, एखाद्या विवाहसोहळ्यात कोणाला हृदयविकाराचा झटका आला, की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'लस कोणती घेतली होती?' हा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी लसीला घाईने दिलेल्या मंजुरीकडे बोट दाखवले आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लगोलग खुलासा करावा लागला. मुख्यमंत्र्यांच्या तोंडून निघालेला संशय सह्याद्रीच्या माथ्यावरील वाडी-वस्तीत पोहोचायला आता घटकाभरही पुरत नाही. खुलासा मात्र बहुधा वाटेतच राहतो.

या प्रश्नाचा विचार दिल्ली-मुंबईच्या चर्चागृहांतून पुष्कळ झाला. तो गगनबावड्यासारख्या तालुक्याच्या बाजूने करून पाहण्याची गरज आहे. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी वसलेला हा तालुका लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत लहान. गगनगडाचा आणि गगनगिरी महाराजांच्या आश्रमाचा परिसर म्हणून तो महाराष्ट्राला परिचित आहे. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की कोल्हापूरशी संबंध तुटतो. डोंगरकपारीतील धनगरवाड्यांवर तर एरव्हीही पायवाटेनेच जावे लागते. अशा ठिकाणी शीतपेटीतून लस पोहोचवणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशा सेविका यांचे ऋण मोठे आहे. परंतु जिथे लस पोहोचली, तिथे लसीचा अर्थ पोहोचला का? प्रस्तुत लेखकाच्या मते तो पोहोचला नाही, आणि आजच्या संशयाचे मूळ तिथे आहे.

कोल्हापूरचे कोडे

लसीच्या उपयुक्ततेविषयी शंका घेणाऱ्यास आपल्याकडे सरसकट अडाणी ठरवले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील माणसाची शंका मात्र अनुभवातून आलेली होती. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि या वयोगटाच्या लसीकरणात कोल्हापूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. लोक रांगा लावून उभे होते. पुढे ७ जूनपासून राज्य शासनाने संसर्गाच्या प्रमाणानुसार जिल्ह्यांचे पाच स्तर पाडून निर्बंध शिथिल करण्यास आरंभ केला, तेव्हा हाच जिल्हा चौथ्या स्तरात होता. राज्यातील सर्वाधिक संसर्गदर असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होत होती. इतर जिल्ह्यांतील बाजारपेठा उघडत असताना कोल्हापूरची बंद होती.

सामान्य माणसाने यातून काय निष्कर्ष काढावा? लस घेण्यात आम्ही पुढे आणि आजारी पडण्यातही आम्हीच पुढे. मग लसीने साधले काय? प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचे उत्तरही आहे, पण ते त्या वेळी गावात येऊन कोणी सांगितले नाही.

पहिली गोष्ट अशी की, एप्रिल-मेमध्ये लस घेतलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांची एकच मात्रा झाली होती. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर प्रथम चार ते सहा आठवड्यांचे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. याच सुमारास विषाणूचे 'डेल्टा' हे रूप धुमाकूळ घालत होते. इंग्लंडमधील पाहणीनुसार डेल्टापासून होणारा लक्षणयुक्त आजार टाळण्याची शक्ती एका मात्रेनंतर जेमतेम ३० टक्के, तर कोविशिल्डच्याच घडणीच्या लसीच्या दोन मात्रांनंतर ६७ टक्के होती. म्हणजे कोल्हापूरकरांनी अर्धी ढाल हाती घेतली होती आणि तीच पूर्ण आहे असे त्यांना वाटत होते. दुसरी गोष्ट अशी की, ४५ वर्षांखालील मोठा वर्ग तेव्हा लसीविनाच होता आणि कामधंद्यासाठी घराबाहेर पडणारा वर्गही तोच होता. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की कोडे बरेचसे सुटते.

एकतीस मृत्यूंचा अर्थ

'लस घेतलेलेही दगावले', हा दुसरा आक्षेप. तो खराच आहे. त्याचा अर्थ लावण्यासाठी तामिळनाडू पोलीस दलाच्या आकडेवारीसारखे दुसरे साधन नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी दुसऱ्या लाटेच्या काळात या दलातील १ लाख १७ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. १३ एप्रिल ते १४ मे २०२१ या काळात त्यांतील ३१ जण कोरोनाने दगावले. त्यांपैकी २० जणांनी लस घेतलेली नव्हती, ७ जणांनी एक मात्रा घेतली होती आणि ४ जणांच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या.

एखादा वार्ताहर या आकड्यांवरून 'मृतांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लसवंत' असा मथळा देऊ शकतो. तो मथळा खोटा ठरणार नाही, पण वाचकाची दिशाभूल मात्र करील. कारण लस न घेतलेले कर्मचारी होते अवघे १७,०५९. एक मात्रा घेतलेले ३२,७९२ आणि दोन्ही घेतलेले ६७,६७३. लाखाच्या प्रमाणात मांडले तर लस न घेतलेल्यांत ११७ मृत्यू, एक मात्रा घेतलेल्यांत २१ आणि दोन मात्रा घेतलेल्यांत ६. बोरबेट किंवा कोदे येथील शेतकऱ्याला हा हिशेब समजावण्यासाठी पदवी लागत नाही. दहा एकरांत चार पेंढ्या कीड लागलेल्या निघणे आणि दोन एकरांत वीस निघणे यांतील फरक तो आपल्याहून चांगला जाणतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांचा असाच अभ्यास केला. दोन मात्रांमुळे संसर्ग ६५ टक्क्यांनी, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांनी, प्राणवायूची गरज ९२ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचे प्रमाण ९४ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. अशा अभ्यासांना मर्यादा असतात. लस घेणारे आणि न घेणारे यांच्या प्रकृतीत आणि सवयींत मुळातच फरक असू शकतो. परंतु निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या लोकांनी केलेले अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवू लागले, की त्या निष्कर्षाला बळ येते. आजार जितका गंभीर, तितका लसीचा प्रभाव अधिक, ही ती दिशा.

'कवच' शब्दाने केलेला घोटाळा

मग चूक कुठे झाली? प्रचाराच्या भाषेत झाली. 'सुरक्षा कवच' हा शब्द फलकाफलकावर झळकला. कवच म्हटले की कर्णाची कवचकुंडले आठवावीत, अशी आपली परंपरा. ते अंगावर असताना बाण लागताच कामा नये. लसीचे तसे नसते. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत २५ हजारांहून अधिक स्वयंसेवक सहभागी झाले. त्यांतील लक्षणयुक्त आजाराचे १३० रुग्ण तपासले गेले. लस मिळालेल्या गटात ते २४ निघाले आणि लसीसारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण मिळालेल्या गटात १०६. यावरून ७७.८ टक्के हा आकडा आला. गंभीर आजाराचे १६ रुग्ण होते, त्यांपैकी लसीच्या गटात एकच. ७७.८ टक्क्यांचा अर्थ 'शंभर लसवंतांपैकी बावीस आजारी पडणार' असा नाही. लस न घेता जितके आजारी पडले असते, त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांचा आजार टळला, असा त्याचा अर्थ आहे. हे दोन मिनिटांत सांगता येते. ते सांगितले गेले नाही.

लसीचा प्रभाव काही महिन्यांनी ओसरतो, नव्या रूपाच्या विषाणूपुढे तो कमी पडतो, लस घेतलेला माणूसही दुसऱ्यास संसर्ग देऊ शकतो, याही गोष्टी लोकांना आधी सांगावयास हव्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये 'ओमायक्रॉन'ची लाट आली आणि दोन्ही मात्रा घेतलेली घरेच्या घरे तापाने फणफणली. रुग्णालये मात्र मागील वर्षीप्रमाणे ओसंडून वाहिली नाहीत. शासनाला त्यात लसीचे यश दिसले आणि लोकांना फोलपणा, कारण दोघांनी लसीकडून केलेली अपेक्षाच भिन्न होती.

दुष्परिणाम झाकू नयेत, फुगवूही नयेत

तिसरा आक्षेप दुष्परिणामांचा. कोविशिल्डचे मूळ संशोधन करणाऱ्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने, या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन रक्तबिंबिका घटण्याचा विकार उद्भवू शकतो, असे ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केल्याचे वृत्त २०२४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस आले आणि आपल्याकडे एकच खळबळ उडाली. जणू काही गुपित फुटले! वस्तुतः युरोपच्या औषध नियामक संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजीच हा संबंध मान्य केला होता. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी जाहीर केले होते की, तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटना या प्रकारात मोडण्याची शक्यता आहे आणि हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही २०२१ मध्येच माहितीपत्रकात याचा उल्लेख केला होता. म्हणजे माहिती लपवलेली नव्हती. पण खोक्यातील बारीक अक्षरांचे माहितीपत्रक आणि दिल्लीतील प्रसिद्धिपत्रक असळजच्या किंवा साळवणच्या माणसाने कुठे वाचावे? त्याला ही गोष्ट तीन वर्षांनी, तीही विलायती न्यायालयाच्या वार्तेतून कळली. आपल्यापासून काहीतरी दडवले गेले, असे त्याला वाटले तर दोष त्याचा नाही.

अचानक मृत्यूंची गोष्ट निराळी आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेने १९ राज्यांतील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ७२९ मृत्यूंची २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना करता लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. कोरोनाने रुग्णालयात राहावे लागलेले, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असलेले, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतिरिक्त मद्यपान वा अतिश्रमाचा व्यायाम केलेले यांच्यात धोका अधिक आढळला. याउलट बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी कोव्हॅक्सिनच्या दुष्परिणामांवर मे २०२४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लस न घेतलेल्यांशी त्यात तुलनाच नव्हती. संशोधन परिषदेने त्यावर आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संबंधित नियतकालिकाने तो मागे घेतला. पहिली बातमी लाखो भ्रमणध्वनींवर फिरली. दुसरी किती जणांपर्यंत पोहोचली?

चरकसंहितेत सत्यासत्य पारखण्याची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. ज्यांना लसीविरुद्ध बोलताना आयुर्वेदाचा आधार घ्यावासा वाटतो, त्यांनी या परीक्षेचे स्मरण ठेवावे. एका माणसाला लस दिली आणि तो महिन्याने गेला, एवढ्यावरून कार्यकारणभाव ठरवणे हे चरकाच्या कसोटीलाही उतरणारे नाही.

संशयाचे राजकारण

या संशयाला खतपाणी घालणारांची नोंदही झाली पाहिजे. २ जानेवारी २०२१ रोजी अखिलेश यादव यांनी 'भाजपची लस' आपण घेणार नसल्याचे जाहीर केले. छत्तीसगडच्या तत्कालीन काँग्रेस सरकारने कोव्हॅक्सिन वापरण्यास नकार दिला. चाचणीचे निष्कर्ष हाती नसताना मंजुरी का, हा प्रश्न शास्त्रीय होता आणि तो विचारण्याचा अधिकार सर्वांना होता. निष्कर्षांपूर्वी दिलेल्या त्या मंजुरीचे समर्थन शासनाने अधिक मोकळेपणाने करावयास हवे होते. परंतु लसीला पक्षाचे नाव चिकटवणे यात शास्त्र कोणते? १ मार्च २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वतः कोव्हॅक्सिनच घेतली, तेव्हा त्या कुजबुजीला पुष्कळसा आळा बसला.

परदेशी दुटप्पीपणाचे उदाहरण तर बोलके आहे. इंग्लंडमध्ये लक्षावधी लोकांना जी लस दिली गेली, तीच पुण्यात तयार होऊन भारतीयाच्या दंडात टोचली गेली, की सप्टेंबर २०२१ च्या ब्रिटिश नियमांनुसार तो भारतीय 'लस न घेतलेला' ठरत होता. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसेच निर्बंध लावले आणि आठवडाभरात ब्रिटनने माघार घेतली. हा संशय विज्ञानाचा नव्हता. जुन्या साहेबी वृत्तीचा होता.

मात्र स्वदेशीचा अभिमान आपल्यावर अधिक जबाबदारी टाकतो. २० जानेवारी २०२१ पासून 'व्हॅक्सिन मैत्री' अंतर्गत भूतान, मालदीवसह अनेक देशांना लस गेली आणि ब्राझीलच्या अध्यक्षांनी संजीवनी आणणाऱ्या मारुतीचे चित्र प्रसृत करून आभार मानले, याचा आनंद प्रत्येक भारतीयाला झाला. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली, हाही अभिमानाचा क्षण. त्याच संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये उत्पादनातील त्रुटींमुळे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा तिचा पुरवठा थांबवला, ही घटनाही त्याच वहीत लिहिली पाहिजे. मारुतीने द्रोणागिरी आणला तो सर्वांसमक्ष, झाकून नव्हे.

बावड्याच्या अमात्यांचा धडा

रोगप्रतिबंधाचे आणि लोकविश्वासाचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉल या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मगच ती इतरांना दिली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाने प्लेग निवारणाच्या नावाखाली घराघरांत सोल्जर घुसवले आणि त्याचे पर्यवसान २२ जूनच्या चापेकर बंधूंच्या गोळ्यांत झाले. एकाच साथीतील हे दोन मार्ग. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटले, पण चौकशीअंती ते निर्दोष ठरले. आज मुंबईतील संस्था त्यांच्या नावाने उभी आहे. विश्वास कसा कमवावा, कसा गमवावा आणि पुन्हा कसा मिळवावा, हे सारे या सुमारे दहा वर्षांत दिसते.

त्याहून जुना धडा खुद्द बावड्याचा आहे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. राजाराम महाराज जिंजीला गेले असता ज्यांनी 'हुकूमतपनाह' म्हणून स्वराज्य राखले, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे प्रसिद्ध मार्गदर्शन आहे. रयतेने आंबा-फणसाची झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. ती जबरीने तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्यरक्षणाच्या कामातही रयतेला राजी करणे हा राज्यकर्त्याचा धर्म मानला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात लसीविना रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला, तेव्हा या शिकवणीचा विसर पडला होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवतानाच, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यास सांगितले. आज्ञापत्राचा सूर याहून वेगळा नाही.

पुढील साथीपूर्वी

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा भारताने गाठला. एवढ्या प्रचंड देशाने, बहुतांशी आपल्याच कारखान्यांतील लसीवर, हे साधले. त्या पराक्रमाला संशयाचे ग्रहण लागू द्यावयाचे नसेल, तर तीन गोष्टी कराव्या लागतील.

एक, प्रत्येक तालुक्याचा हिशेब त्या तालुक्याच्या भाषेत मांडावा. गगनबावड्यात किती जणांनी किती मात्रा घेतल्या, त्यांपैकी किती रुग्णालयात गेले, न घेतलेल्यांपैकी किती गेले, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. दप्तरात नोंद आहे. ती चावडीवर यावी. दोन, लसीनंतर कोणाला त्रास झाला तर त्याची तक्रार ऐकून घेणारी, लेखी उत्तर देणारी यंत्रणा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत असावी. आशा सेविकेच्या हाती केवळ लक्ष्याचा आकडा न देता लोकांच्या प्रश्नांची उत्तरेही द्यावीत. तीन, ज्या अत्यल्प कुटुंबांना लसीमुळे खरोखर हानी पोहोचली, त्यांचा भार समाजाने उचलावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात, अशा मृत्यूंसाठी शासन उत्तरदायी नाही, दाद दिवाणी न्यायालयात मागावी, अशी भूमिका घेतली. कायद्याच्या दृष्टीने ती टिकेलही. परंतु ज्याने राष्ट्राच्या हाकेला ओ देऊन दंड पुढे केला, त्याच्या घरच्यांना वकिलाच्या दारात उभे करणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. कोट्यवधींचा जीव वाचवताना ज्या एकाचे नुकसान झाले, तो सीमेवर जखमी झालेल्या जवानाच्या पंक्तीतला आहे.

महामारीच्या काळात संघाच्या स्वयंसेवकांनी, असंख्य सेवाभावी संस्थांनी अन्न, औषध, प्राणवायू घरोघर पोहोचवला. त्याच उंबरठ्यांवर आता एक काम शिल्लक आहे. शंका घेणाऱ्याची टिंगल न करता त्याच्याजवळ बसून, आकडे त्याच्यापुढे ठेवून, त्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेण्याचे. लस किती उपयोगी पडली याचा हिशेब आपल्या बाजूने आहे. तो सांगायला कचरण्याचे कारण नाही. विषाणू पुन्हा येईल तेव्हा लस काही महिन्यांत तयार होईल. विश्वास मात्र इतक्या अल्पावधीत तयार होत नाही. त्याची पेरणी साथ नसताना करावी लागते.